हनुवटीखालचा साबण

चरबी या पदार्थाशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. हा विनोद माझा नाही, कारखान्यातला आहे, आणि तो माझ्या पोटाकडे बघूनच केला जातो, म्हणून मीच आधी सांगून टाकला. मी साबणाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. आमच्याकडे तेलं आणि चरबी टँकरने येतात, क्षारात शिजतात आणि वड्या होऊन बाहेर पडतात. येणाऱ्या मालात चरबी किती आणि जाणाऱ्या मालात क्षार किती, यावर शेवटची सही माझी. इतरांच्या खिशाला पेन असतं, माझ्या खिशात पेनाशेजारी क्षार तपासायच्या कागदी पट्ट्यांची डबी असते. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती होती, असं बायको सांगते. अशा माणसापुढे कुणी ‘चरबी’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर चरबीच येणार, दुसरं काही येणार नाही. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरूनच घडलं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई माझ्याहून चांगली मोठी. आई कामावर जायची, त्यामुळे मला शाळेसाठी तयार करायचं काम ताईकडे होतं. ती डाव्या हाताच्या चिमटीत माझी हनुवटी गच्च धरायची आणि उजव्या हाताने भांग पाडायची. डोकं हललं की चिमटी आणखी घट्ट व्हायची. त्या वयात मला हनुवटी एकच होती, आणि ती पूर्णपणे ताईच्या ताब्यात होती.

ही ताई नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरी साबण करायला लागली. तेल, क्षार, सुगंध, पानाच्या आकाराचे साचे, सगळं स्वतः आणलं. वाचनालयाच्या सभागृहात घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं, तिथे तिने टेबल मांडलं. मी गेलो. कौतुक करायलाच गेलो होतो. पण साबण समोर आला की माझा हात आपोआप खिशात जातो. मी वडी ओली केली, पट्टी टेकवली, आणि पट्टी गर्द निळी झाली. म्हणजे क्षार जास्त. साबण करून जेमतेम आठवडा झाला असणार. मग मी गिऱ्हाइकांच्या देखत, माझ्या कामावरच्या आवाजात म्हणालो, “याने भांडीसुद्धा घासू नका.” ताई म्हणाली, “तुझ्या कारखान्याच्या साबणाच्या वासाने मळ आपणहून पळून जातो.” मग तिने टेबल आवरलं.

याला वर्ष झालं. ताई दोन गल्ल्या सोडून राहते. माझ्या बायकोशी रोज फोनवर बोलते, शिकायला परगावी असलेल्या आमच्या लेकीशी बोलते, फक्त आमच्या घराची पायरी चढत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की कागद निळा झाला. तो काय मी रंगवला होता? तेव्हा आधी तिने यावं. मात्र खरं सांगायचं तर ताई नसल्यापासून घरातल्या चहाला चव राहिली नव्हती, आणि हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

अशात लेकीचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, आणि रुजू होण्याआधी ती घरी येणार असं ठरलं. घरच्यांचं आणि चार मित्रमंडळींचं जेवण करायचं होतं. लेकीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “आत्या असेल ना?” मी म्हणालो, “बघू.” ती म्हणाली, “बघू नका, बोलवा.” आजकालच्या मुलांना बापाच्या मानाची काही कदर नाही.

त्यानंतर एका सकाळी मी आंघोळ करून, डोक्यावर टॉवेल घेऊन स्वयंपाकघरावरून चाललो होतो. बायकोने फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरायला घेतली होती. फोनमधून ताईचा आवाज आला.

“येईन गं, मला काय हौस आहे न येण्याची? पण आधी त्याची चरबी उतरू दे. चरबी उतरली की मला सांग, त्याच दिवशी येते.”

“ते काय सोपं आहे का, ताई?” बायको म्हणाली. “किती वर्षांची साठलेली आहे.”

“उतरेल. उतरवणारं कुणीतरी भेटायला हवं.”

मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो. आधी राग आला. मग गेल्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो आठवला. कारखान्याच्या वार्षिक समारंभात मी साहेबांच्या हातून ढाल घेतो आहे, असा तो फोटो. सगळ्यांनी अंगठे पाठवले होते, ताईने काहीच नाही. आता उलगडा झाला. त्या फोटोत माझा चेहरा जिथे संपायला हवा तिथे संपत नव्हता, सरळ कॉलरपर्यंत गेला होता. आमचे वडीलही असेच अंगाने भरलेले होते, आणि हृदयविकाराने लवकर गेले. ताईला ते आठवलं असणार. एवढं भांडण होऊनही बहीण भावाच्या तब्येतीच्या काळजीने झुरते आहे, या विचाराने माझे डोळे भरून आले. टॉवेल हाताशी होताच.

चरबी उतरवायची आणि लेक यायच्या आत ताईला घरी आणायची, असं मी ठरवलं. बायकोला मुद्दामच सांगितलं नाही. अशी कामं करून दाखवायची असतात.

सुरुवात सकाळच्या फिरण्याने केली. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळी इमारत पाठीमागे ‘सर्वज्ञ’ म्हणते. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि अंदाज सांगायची सवय अजून सुटलेली नाही. मला बूट घालताना बघून ते बरोबर निघाले. चालताना श्वास डाव्या नाकपुडीने घ्यावा, उताराला उलटं चालावं म्हणजे मांडीची चरबी गोंधळते, असं सांगत राहिले. मी उलटा चाललो आणि एका सायकलवाल्याच्या मडगार्डवर बसलो. गुडघा सुजला आणि फिरणं संपलं.

गुडघ्याला लावायचं मलम आणायला गेलो, तेव्हा औषधांच्या दुकानाशेजारी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्याची पाटी दिसली. ‘हनुवटीखालची चरबी वितळवा, इंजेक्शनने.’ मी आत गेलो तो इंजेक्शन घ्यायला नव्हे, पाटी दुरुस्त करायला गेलो. डॉक्टर वयाने लहान होती, चेहऱ्याने शांत.

“बसा काका.”

काका म्हटलेलं मी सोडून दिलं. “बर्फ वितळतो, साखर विरघळते,” मी म्हणालो. “वितळायला उष्णता लागते. तुमचं इंजेक्शन गरम असतं का?”

“नाही.”

“मग पाटीवर ‘विरघळवा’ पाहिजे.”

“खरं तर चरबी वितळतही नाही आणि विरघळतही नाही, काका,” ती म्हणाली. “फुटते. पण ‘चरबी फोडा’ असं लिहिलं तर कोण आत येईल?”

मग तिने कागद ओढला आणि त्यावर गोल काढले. चरबी अशी मोकळी पसरलेली नसते, ती पेशींत भरलेली असते, आणि प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं. ते आवरणही बरंचसं चरबीसारख्याच पदार्थाचं. औषधाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं चरबीकडे. असे असंख्य कण त्या आवरणात घुसले की त्याला भोकं पडतात, पेशी फुटते आणि आतला माल बाहेर येतो.

“म्हणजे साबण,” मी म्हणालो.

“अगदी साबणच म्हणा. फक्त शरीराने स्वतःसाठी बनवलेला.”

हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. ती सांगत होती की हे औषध म्हणजे एक आम्ल, आणि ते आपल्या पित्तात असतंच. आपण खाल्लेलं तेल-लोणी पोटात पाण्याशी मिसळावं म्हणून शरीर ते तयार करतं, आणि इंजेक्शनमध्ये तेच प्रयोगशाळेत बनवून भरतात. सगळा जन्म मी साबण तपासत आलो, आणि माझ्याच आत एक कारखाना विनातपासणी चालू होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

या औषधाची आणखी एक गंमत तिने सांगितली. पूर्वी अशा इंजेक्शनात मुख्य औषध वेगळं समजलं जायचं, सोयाबीनमधून काढलेलं. ते पाण्यात मिसळेना, म्हणून मिसळण्यापुरतं हे पित्ताचं आम्ल घालायचे. पुढे वेगवेगळं तपासून पाहिलं, तर चरबी फोडण्याचं काम मुख्यतः त्या मिसळणाऱ्यानेच केलेलं निघालं. मी मान डोलावली. प्रत्येक कचेरीत हे असंच असतं, सही साहेबाची आणि काम कारकुनाचं.

“पण हे आजूबाजूचं सगळं फोडत नाही का?” मी विचारलं. मला वाटलं, आता ती अडकेल.

“चुकीच्या जागी गेलं तर त्रास देतंच, म्हणून जागा नेमकी लागते. ओठ हलवणारी नस जवळच असते, तिला धक्का लागला तर काही आठवडे हसू वाकडं होतं. पण एक सोय आहे. प्रथिनं भरपूर असलेल्या ठिकाणी ती या आम्लाला धरून ठेवतात, मग त्याचा जोर कमी होतो. चरबीच्या भागात प्रथिनं कमी, तिथे त्याला धरणारं कुणी नसतं. म्हणून ते तिथे जास्त चालतं.”

हे वाक्य का कोण जाणे, माझ्या लक्षात राहिलं.

तोवर माझं इंजेक्शन घ्यायचं ठरलं होतं, मी पोटही करून टाका म्हणालो. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की हे औषध वजन उतरवण्यासाठी नसतं, हनुवटीखालच्या लहानशा भागापुरतंच असतं. मग मी लेकीच्या जेवणाबद्दल बोललो. डॉक्टर म्हणाली, “तर मग जेवण झाल्यावर या. आधी सूज येते, चांगलीच येते. फरक दिसायला आठवडे लागतात, आणि एका वेळेत भागेलच असं नाही.”

“डॉक्टर, साबणाला डाग काढायला किती वेळ लागतो हे मला सांगू नका.”

“डाग लगेच निघतो, काका. पण फुटलेल्या पेशी उचलून न्यायला शरीराला वेळ लागतो. ते काम त्याच्या गतीनेच होतं.”

मी हसलो. कारखान्यात कच्च्या मालाचे पुरवठादार सबबी सांगायला लागले की मी असाच हसतो. शेवटी तिने माझा गळा तपासला, गिळायला त्रास होतो का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, असं सगळं विचारलं आणि पुन्हा सांगितलं, सूज येणार. मी पुन्हा म्हणालो, येऊ दे.

तिने पेनाने माझ्या हनुवटीखाली ठिपक्यांची जाळी आखली, मग हनुवटी चिमटीत धरली. ताईनंतर इतक्या अधिकाराने माझी हनुवटी कुणी धरली नव्हती. प्रत्येक ठिपक्यात सुई गेली आणि मग गळ्याखाली आग पेटली. मी मोठ्या शांतपणे पडून राहिलो, फक्त डोळ्यांतून पाणी आलं, ते औषधाचं असावं.

घरी आलो तर बायकोने दार उघडलं आणि दारातच थांबली. “अहो, हे काय? गळ्याला कुणी शिवण मारली?”

“चरबी उतरवली,” मी म्हणालो. “ताईसाठी.”

“ताईंसाठी?”

“मी सगळं ऐकलंय. तीच म्हणाली ना, त्याची चरबी उतरली की त्याच दिवशी येते म्हणून?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ठिपक्यांकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले, फोन उचलला, गॅलरीत गेली आणि मागून दार ओढून घेतलं. काचेतून तिचे खांदे हलताना दिसत होते. नवऱ्याने एवढा त्याग केल्यावर बाईला रडू येणारच, असं मला वाटलं, आणि मी तिला एकटं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी उठलो तर मान नव्हती. म्हणजे असणार, पण तिच्याभोवती उशी बांधल्यासारखं काहीतरी होतं आणि डोकं त्या उशीवर ठेवलेलं होतं. खाली बघता येईना. डॉक्टरला फोन केला तर ती म्हणाली, “हे अपेक्षितच आहे काका, कापडात गुंडाळून बर्फ लावा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच या.” बायकोने बर्फ आणला, तेवढ्यात बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती आणि सर्वज्ञ हजर झाले.

“बर्फ?” ते कळवळले. “अहो, वितळलेली चरबी गार केली तर पुन्हा गोठणार. लोणी बघता ना तुम्ही? याला शेक पाहिजे, आणि मफलर.”

“ती वितळलेली नाही,” मी म्हणालो. “फुटलेली आहे.”

“पाटीवर वितळवा असं लिहिलंय. मी रोज वाचतो.”

त्यांना शास्त्र समजावून सांगायला गेलो, त्यात पित्ताचा उल्लेख झाला, आणि तिथेच चुकलं. “पित्त?” ते बायकोकडे वळले. “वहिनी, लोक पित्त उतरावं म्हणून औषध घेतात. यांनी टोचून आत घेतलं. आधीच हे तापट.” बायको म्हणाली, “आधीचं काय कमी होतं,” आणि पुन्हा गॅलरीत गेली. मग सर्वज्ञांनी मला खरोखर अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. “बरं, फुटली. पण ती जाते कुठे?”

“शरीराचं सफाई खातं असतं. पेशी येतात, उचलून नेतात. बाहेर आलेली चरबी शरीर हळूहळू वापरून टाकतं.”

“आणि सफाई खातं कामावर आलं नाही तर? उतरली म्हणता ना, म्हणजे खाली उतरणार. पायांकडे लक्ष ठेवा.”

मी शास्त्र जाणणारा माणूस आहे. तरीही नंतर बराच वेळ मी आरशातून माझे घोटे बघत होतो, कारण मान खाली जात नव्हती.

रजा मोजकीच शिल्लक होती, ती लेक आल्यावर लागणार होती, म्हणून मी गळ्याभोवती रुमाल गुंडाळून कारखान्यात गेलो. आमच्या फाटकावर हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन बसवलं आहे. मी समोर उभा राहिलो. मशीन म्हणालं, “चेहरा ओळखता आला नाही.” रुमाल काढला. मशीन पुन्हा तेच म्हणालं, मला तर वाटलं जरा घाबरून म्हणालं. मागे रांग लागली.

“साहेब, तुम्ही तुम्हीच आहात हे मला माहीत आहे,” पहारेकरी म्हणाला. “पण ते त्याला माहीत पाहिजे.”

कर्मचारी विभागातल्या बाईंना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे पाहून आधी ‘आई गं’ म्हटलं आणि मग नियम सांगितला. चेहऱ्यात बदल झाल्यास संबंधित विभागप्रमुखाने लेखी ओळख पटवायची, मग नवा चेहरा नोंदवता येतो.

“विभागप्रमुख मीच आहे.”

“हो ना. पण तुमची ओळख पटेपर्यंत तुमची सही कशी चालेल?”

“आणि सही चालल्याशिवाय ओळख कशी पटेल?”

“तेच बघतेय,” बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ तेच बघत राहिल्या. शेवटी मोठ्या साहेबांना विचारून नवा फोटो काढायचं ठरलं. सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो मशीनमध्ये भरला, आणि तोवर अर्धा दिवस गैरहजेरी लागली. इतकी वर्षं त्या फाटकातून आलेला माल मी नाकारत होतो. ‘प्रमाणात नाही, परत पाठवा’ हे वाक्य मी किती सहज लिहितो. त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतः परत पाठवलेला माल होऊन घरी आलो, आणि ज्यांचा माल परत जातो त्यांना काय वाटत असेल याचा थोडा अंदाज आला. कोचावर बसलो. लेक दोन-चार दिवसांत येणार होती. चरबी उतरायच्या ऐवजी दुप्पट दिसत होती. ताई काही आता येत नाही, असं मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बेल वाजली. बायकोने दार उघडलं, आणि वर्षभराने ताईचा आवाज माझ्या घरात आला.

“कुठे आहे तो?”

ती समोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता हिलाही रडू येणार. पण ती हसत होती. इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

“छोट्या, काय करून घेतलंस रे हे?”

“तूच म्हणालीस, चरबी उतरली की येते.”

“अरे, मी म्हटलं ती चरबी गळ्याखालची नव्हे. गळ्याच्या वरची.”

“वर कुठे? गालावर?”

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. बायको आता उघड उघड हसत होती. मी दोघींच्या आवाजांकडे आळीपाळीने कान लावला, कारण मान वळत नव्हती, आणि मग हळूहळू, सूज चढते तशी, गोष्ट माझ्या डोक्यात चढली. ‘चरबी चढणे’ हा वाक्प्रचार मला येत नाही असं नाही. शाळेत मास्तरांनी तो माझ्याकडे बघूनच वाक्यात वापरून दाखवला होता. पण माझ्या नोकरीत त्या चरबीची तपासणी नसते, म्हणून लक्षातून गेला होता.

“म्हणजे तुला माझ्या तब्येतीची काळजी नव्हती,” मी म्हणालो. आवाज दुखावलेला होता, आणि खरंच दुखावलो होतो.

“काळजी नसती तर वाट बघितली असती का वर्षभर?” ताई म्हणाली. “दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. दाखव इकडे.”

तिने बायकोकडून बर्फाची पुरचुंडी घेतली, माझ्यासमोर बसली, डाव्या हाताने हनुवटी धरली आणि उजव्या हाताने बर्फ लावायला लागली. सूज इतकी होती की हनुवटी तिच्या चिमटीत मावेना, पूर्ण पंजा लावावा लागला. हनुवटी बधिर होती, तरी तो हात मला कळला. मी जरा हललो तशी पकड घट्ट झाली. डॉक्टर म्हणाली होती, ज्याला धरणारं कुणी असतं त्याचा जोर कमी होतो. मी मुकाट बसून राहिलो.

“हे ठिपके कसले?”

“पेनाचे. निघत नाहीत. कारखान्याच्या साबणानेही निघाले नाहीत.”

यावर ताईला टोमणा मारता आला असता. त्याऐवजी तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक वडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पानाचा आकार, एका बाजूला वाकडी कड. मी ती लगेच ओळखली.

“नवीन केलास?”

“तोच आहे. त्याच दिवसाचा. सगळी पेटी घरी नेऊन कपाटावर टाकली होती. टाकून द्यायला हात धजला नाही.”

आता इथे मला जे माहीत होतं ते सांगायला हवं. घरी केलेला साबण ताजा असताना कडक असतो. तो नुसता ठेवून द्यायचा असतो, हवेवर, काही आठवडे. मुरतो, आणि सौम्य होतो. हे मला त्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहातही माहीत होतं. पट्टी निळी झाली तेव्हाही माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि मी दुसरंच वाक्य बोललो होतो.

माझा हात सवयीने खिशाकडे गेला. ताईने ते पाहिलं.

“तपास की,” ती म्हणाली. चिडून नाही, अगदी साधेपणाने.

मी डबी बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि तिथेच सोडून बेसिनपाशी गेलो. वडी ओली केली. फेस छान आला, बारीक आणि दाट. हलक्या हाताने सगळ्या गळ्याला लावला, सुयांच्या टोचण्यांवरसुद्धा. कुठेही झोंबलं नाही. ठिपके निघाले. मी तोंड पुसून बाहेर आलो.

“चांगला झालाय, ताई,” मी म्हणालो. सुजेमुळे शब्द जाड येत होते. “तेव्हा मी एवढंच सांगायला हवं होतं, की थोडी थांब.”

“थांबलेच की,” ताई म्हणाली, आणि बायकोला म्हणाली, “चहा टाक गं.”

त्या चहाला चव होती.

जेवण झालं ते छान झालं. सूज बरीच उतरली होती, थोडी उरली होती तिच्याबद्दल लेकीने विचारलं आणि आत्याने तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, नकलांसह. सर्वज्ञांनी मंडळींना बजावून सांगितलं की मफलरचा सल्ला मानला असता तर सूज आलीच नसती. त्यानंतर काही आठवड्यांनी, डॉक्टर म्हणाली होती त्याच गतीने, गळ्याखाली खरोखरच फरक दिसायला लागला. कुणाला दिसला नाही तरी मशीनला दिसला. सुजलेला चेहरा नोंदवलेला असल्यामुळे त्याने मला पुन्हा ओळखायला नकार दिला. कर्मचारी विभागातल्या बाई मला लांबून बघूनच कॅमेरा घेऊन आल्या. ताईच्या पुढच्या साबणाचा घाणा मात्र आता वेळेवर मुरतो. त्याचं वेळापत्रक मी बघतो, आणि पट्टी तिने मागितली तरच काढतो.

दवाखान्याची पाटीही बदलली आहे. ‘वितळवा’ खोडून तिथे ‘हनुवटीखालची चरबी उतरवा’ असं लिहिलंय. डॉक्टरने मला बोलावून विचारलं, आता तरी बरोबर आहे का. मी म्हणालो, याच्याइतका अचूक शब्द नाही. मग ती म्हणाली, दुसऱ्या वेळेची तारीख देऊ का, अजून थोडी शिल्लक आहे.

ताई माझ्यासोबत आली होती. तिने चिमटीत माझी हनुवटी धरून पाहिली, इकडून तिकडून, जशी शाळेच्या दारात धरून पाहायची.

“नको,” ती डॉक्टरला म्हणाली. “मला धरायला काहीतरी राहू दे.”